ध्वनिमुद्रणे मुक्त परवान्याने द्यावीत का?

कोथरूडकर : आमच्या वाचनगटाने अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित केली आहेत. त्यांपैकी माझ्या आवाजातले सुमारे वीस तास, संगणकाचा कृत्रिम आवाज घडवणाऱ्यांना क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे कोणालाही वापरण्याची आगाऊ परवानगी देणाऱ्या, मुक्त परवान्याने द्यावेत, असे माझे ठाम मत आहे. इंग्रजीत एकाच वाचिकेचा, सुमारे २४ तासांचा 'एलजे स्पीच' हा ध्वनिमुद्रणांचा संच कोणत्याही अटीविना मिळतो आणि त्यावर कितीतरी आवाज घडले. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरबरोबर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर अंधांना वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर, येणारा ईस्पीक या प्रणालीचा मराठी आवाज मात्र यांत्रिक आहे. 'चाळीस रुपये दिले' आणि 'चाळीस (म्हणजे चाळीला) रंग दिला' यांतले 'च' वेगवेगळे. लिहिताना तो फरक दिसत नाही, म्हणून तो यंत्राला कळायचा तर माणसाने वाचलेले भरपूर मराठी त्याच्यापुढे असायला हवे.

नारायण पेठकर : आपला हेतू चांगला आहे, तरी माझा विरोध आहे. आवाज देणे हाच माझा व्यवसाय. काही वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी मी दोन दिवस स्टुडिओत बसून सुटी वाक्ये वाचली. करारात 'सर्व हक्क' एवढेच लिहिले होते. गेल्या वर्षी आईला फोन आला आणि माझ्या आवाजाने तिला सांगितले, की आपला हप्ता थकला आहे. ते वाक्य मी कधीही उच्चारलेले नव्हते. संध्याकाळी घरी आल्यावर आईने विचारले, "तू असा परक्यासारखा का बोललास?" क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला, की मागे घेता येत नाही. अरिजित सिंग यांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आवाजाच्या नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले, पण ते नामवंत गायक आहेत. आपल्यासारख्यांनी कोणत्या बळावर दाद मागावी? निदान व्यावसायिक वापरास मज्जाव करणारा परवाना तरी निवडावा.

औंधकर : त्याआधी एक अडचण आहे. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी पुस्तके सुलभ रूपात आणण्याची मुभा दिली, ती त्यांच्या वापरापुरती. मजकूर लेखकांचा आहे आणि तो सर्वांना खुला करण्याचा अधिकार गटाला नाही. ज्यांच्या निधनाला ६० वर्षे उलटून गेली अशा लेखकांचे साहित्य, उदाहरणार्थ हरि नारायण आपटे (निधन १९१९) यांचे, नव्याने वाचावे लागेल.

कोथरूडकर : हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मान्य करते, नव्याने वाचेन. व्यावसायिक वापरास मज्जाव मात्र मला पटत नाही, कारण तशी अट घातलेला आवाज, कोणत्याही वापराची मुभा देणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यात बसत नाही, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांच्याच स्क्रीन रीडरबाहेर तो राहील. आपल्या आईंचा प्रसंग वाचल्यावर एवढे नक्की वाटते, की गटातील प्रत्येक वाचकाची स्वतंत्र लेखी संमती घ्यावी आणि तीत 'कृत्रिम आवाज' हे शब्द स्पष्ट असावेत.

नारायण पेठकर : संमतिपत्र मराठीत असावे, आणि सही करण्यापूर्वी वाचकाला त्याच्याच आवाजातून घडवलेला एखादा नमुना ऐकवावा. तो ऐकून जो सही करील, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. माझी सही मात्र मिळणार नाही.