पोखरताना लेझर: आधी हात की आधी ठिपका?

जुनी पटाशी (धागाकर्ता)

माझ्याकडे लेथवर (लाकूड फिरवत घडवायच्या यंत्रावर) भांडी करायला शिकणाऱ्या एका मुलाने गेल्या महिन्यात नववं लाकडी भांडं खांद्यापाशी, म्हणजे गळ्याखालच्या उतारावर, फोडलं. आधीची आठही त्याने लेझर लावून पोखरली होती आणि सगळी सुबक झाली होती. नवव्याच्या वेळी मध्येच लेझरची बॅटरी संपली. दुसरी जवळ नव्हती, तो म्हणाला तसंच पूर्ण करतो. मी चार हातांवर उभा होतो. कापण्याचा घट्ट आवाज जाऊन पोकळ आवाज येऊ लागला तेव्हा मला कळलं, पण मी "थांब" म्हणेपर्यंत हत्यार आरपार गेलं होतं. त्याला आवाजातला फरक जाणवलाच नव्हता. कान चांगले आहेत त्याचे. आठ भांडी झाली तरी त्याला ऐकायची गरजच पडली नव्हती, एवढंच.

ज्यांनी हे वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अरुंद तोंडाचं भांडं आतून पोखरताना हत्याराचं टोक दिसत नाही. बाहेरचा आकार आधी पूर्ण झालेला असतो, आत किती लाकूड उरलं ते समजत नाही. लेझरच्या पद्धतीत हत्याराचा दांडा एका चौकटीत अडकवलेला असतो, म्हणजे तो हातात फिरत नाही. दांड्याच्या वर एक आडवा हात असतो, त्यावर लेझर बसवतात आणि किरण सरळ खाली सोडतात. ठिपका टोकापासून हव्या त्या जाडीइतका बाजूला ठेवायचा, समजा ८ मिमी. आत टोक भिंतीकडे सरकतं तसा बाहेर ठिपका भांड्याच्या पाठीवरून कडेकडे सरकतो. कडेवरून घसरून खाली पडला की भिंत ८ मिमी उरली, तिथे थांबायचं.

युक्ती चांगलीच आहे. मीही मोठ्या भांड्यांना वापरतो. पण माझं ठाम मत असं की शिकणाऱ्याने पहिली वीस भांडी तरी लेझरशिवाय पोखरावीत. कॅलिपर (जाडी मोजायचा चिमटा) लावावा, मशीन थांबवून बोटं घालावीत, आवाज ऐकावा. लेथवर लाकडी भांडी करणारे अमेरिकी कलाकार डेव्हिड एल्सवर्थ यांनी १९७० च्या दशकात वाकड्या हत्यारांनी बारीक तोंडातून पातळ भिंतीची भांडी पोखरली, तेव्हा लेझर कुठे होता? तुमचं काय मत?

ढलपी

मला हे मुळातच पटत नाही. लेझर नव्हता म्हणून एल्सवर्थ यांनी तो वापरला नाही. त्यावरून तो आपणही वापरू नये असं निघत नाही.

माझं मनगट दोनदा दुखावलं आहे. दोन्ही वेळा हातात धरलेलं लांब हत्यार लाकडात रुतलं आणि पीळ थेट मनगटात आला. वाकड्या हत्याराचं टोक दांड्याच्या रेषेबाहेर असतं, त्यामुळे प्रत्येक कापाला दांडा फिरू पाहतो आणि ते बळ आपल्या मुठीनेच पेलायचं असतं. चौकटीत दांडा अडकवला की पीळ चौकट घेते. दांडा हातात फिरणारा असेल तर त्याच्यावरचा लेझरही कलणार, म्हणून दोन्ही गोष्टी जोडीनेच येतात. तुम्ही शिकणाऱ्याला लेझर नको म्हणता तेव्हा चौकटही नको म्हणता आहात का, हे आधी स्पष्ट करा.

आणि कानाचं म्हणाल तर माझ्याकडे धूळ ओढणारं यंत्र चालू असतं, कानावर आवाज अडवणारे बंद असतात. ते काढून लाकडाचा आवाज ऐकत बसा, असं मी कोणत्याही नवशिक्याला सांगणार नाही.

जुनी पटाशी

चौकट हवीच, त्यात वाद नाही. माझं म्हणणं फक्त लेझरबद्दल आहे. चौकट हात वाचवते. लेझर मात्र अंदाज घ्यायचं काम आपल्याकडून काढून घेतो, आणि जे काम आपण करत नाही ते आपल्याला येत नाही.

कानावरच्या बंदांचा मुद्दा मात्र खरा आहे. तो माझ्या लक्षात आला नव्हता.

वर्तुळमध्य

त्या मुलाचं भांडं खांद्यापाशीच का फुटलं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. माझा अंदाज असा की त्याच्या आधीच्या आठही भांड्यांचे खांदे त्याला वाटत होते त्यापेक्षा पातळ असणार. लेझर चालू असतानाही.

कारण भूमितीचं आहे. ठिपका टोकापासून अक्षाला (भांडं ज्या रेषेभोवती फिरतं तिला) काटकोनात ८ मिमी बाजूला बसवला, तर पोटापाशी, जिथे बाहेरची कड अक्षाला समांतर असते, तिथे भिंत बरोबर ८ मिमी येते. पण खांद्यावर कड ४५ अंशांनी उतरत असेल, तर भिंतीची खरी जाडी कडेला काटकोनात मोजावी लागते. ती भरते ८ गुणिले ०.७, म्हणजे साधारण ५.७ मिमी. गळ्याजवळ खांदा अजून बसका असेल, समजा ६० अंश, तर उरतात फक्त ४. ठिपका तोच, कड तीच, पण भिंत अर्धी.

उपाय सोपा आहे, पण तो करावा लागतो. खांदा पोखरताना लेझरचा हात फिरवून ठिपका टोकाच्या तिरक्या दिशेला न्यायचा, कडेच्या काटकोनात. पोटापाशी आलो की पुन्हा बाजूला. गोल पात्याचं कापणारं ठिकाणही बदलत जातं. खांद्यावर ते तोंडाच्या बाजूला असतं, पोटाशी कडेला, बुडाकडे जाताना पुढे. म्हणजे एका भांड्यात किमान दोनदा, माझ्या हिशोबाने तीनदा लेझर बसवावा लागतो. बसवताना कागदाचा तुकडा टोकाच्याच उंचीवर धरा आणि त्यावर अंतर मोजा. लेथच्या बेडवर (खालच्या आडव्या पायावर) पडलेला ठिपका पाहून मोजलं आणि किरण जरासा कललेला असला तर सगळं माप चुकतं.

जुनी पटाशी

मी म्हणतो ते हेच. ज्याने कॅलिपरने खांद्याची जाडी पाच-पन्नास वेळा मोजली आहे, त्याला खांद्यावर ठिपका खोटं बोलतो हे सांगावं लागत नाही. ज्याने लेझरपासूनच सुरुवात केली त्याला ते भांडं फुटल्यावर कळतं.

ढलपी

की त्याला ते शिकवणाऱ्याने सांगितलं नाही म्हणून? तुमच्याबद्दल आदर आहे, पण आठ भांडी त्याने तुमच्यासमोर पोखरली. लेझरचा हात फिरवायचा असतो हे त्याला कुणी दाखवलं होतं? कॅलिपर वाकडा धरला तर तोही चुकीचं माप देतो. ते आपण शिकवतो, कॅलिपर काढून घेत नाही.

जुनी पटाशी

नव्हतं दाखवलं. हे माझ्याकडून राहिलं, मान्य करतो.

ओला ओंडका

मी जवळजवळ सगळं ओल्या लाकडात करतो, म्हणून माझा अनुभव वेगळा आहे आणि मी लेझरच्या बाजूचा आहे.

ओलं लाकूड पोखरायला घेतलं की भिंत पातळ होईल तसं ते हलायला लागतं. वाळताना लाकूड वार्षिक वलयांच्या दिशेने जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं, म्हणून गोल भांडं लंबगोल होत जातं. दर दोन मिनिटांनी मशीन थांबवा, ढलप्या काढा, कॅलिपर घाला, तीन ठिकाणी मोजा, पुन्हा सुरू करा, या सगळ्यात वेळ जातो आणि वेळ गेला की आकार बिघडतो. लेझरने मी वरचा पाच सेंटीमीटरचा टप्पा एका दमात शेवटच्या जाडीपर्यंत आणतो आणि मग पुढे सरकतो. मागे वळून त्या टप्प्याला पुन्हा हात लावायचा नाही. तोपर्यंत तो हललेला असतो, आणि हललेल्या पातळ भिंतीला टोक लागलं की ते रुततंच.

सारख्या जाडीचा मुद्दा हौसेचा नाही. ओल्या भांड्याची भिंत एका जागी १० आणि शेजारी ५ असेल तर दोन्ही भाग वेगवेगळ्या वेगाने वाळतात आणि मध्ये तडा जातो. माझी लेझरपूर्वीची कितीतरी भांडी कपाटात ठेवल्या ठेवल्या चिरली.

एक खूण मात्र नव्या लोकांनी लक्षात ठेवावी. भांडं लंबगोल होऊ लागलं की कडेजवळचा ठिपका लुकलुकायला लागतो, एका फेऱ्यात दोनदा नाहीसा होतो. पूर्ण नाहीसा व्हायची वाट पाहू नका. लुकलुकला की थांबा. कमी रुंद बाजूला भिंत तेव्हाच ठरलेल्या जाडीला आलेली असते.

तळठाव

सगळे भिंतीबद्दल बोलताहेत. बुडाचं काय? तिथे भांडं चकात (लेथच्या फिरत्या पकडीत) धरलेलं असतं, बाहेर लाकडाचा ठोकळा असतो. ठिपक्याला पडायला कडच नसते. बुडाची खोली आधी ड्रिलने भोक पाडूनच ठरवावी लागते, दांड्यावर खूण करून. लेझरवाल्यांचं भांडं खालून फुटतं ते याचमुळे. भिंत ठिपक्याने राखली म्हणून बुडाकडेही त्याच विश्वासाने जातात.

आणि खोल गेल्यावर दांड्याचं काय होतं ते लेझरला दिसत नाही. आधारापुढे निघालेली लांबी दुप्पट केली तर त्याच जोराने दांडा आठपट वाकतो. १२ मिमीच्या जागी १८ मिमीचा दांडा घेतला तर तो सुमारे पाचपट ताठ असतो. लेझर मागे चौकटीवर बसलेला, टोक पुढे थरथरतंय. पुन्हा भांड्यात ढलप्या साचल्या तर टोक त्यांतच गुंततं आणि ठिपका तरी जागच्या जागी शांत. जुनी पटाशी म्हणतात त्यात तथ्य आहे. दांड्यातून हाताला येणारी थरथर ओळखता आलीच पाहिजे.

पडदा

मी लेझर काढून टाकला आणि त्याच जागी छोटा कॅमेरा बसवला. कॅमेरा दांड्यासोबतच सरकतो, त्यामुळे समोरच्या पडद्यावर हत्याराचं टोक कायम एकाच जागी राहतं आणि भांडं त्याच्याखालून सरकताना दिसतं. हत्यार भांड्याबाहेर असतानाच पडद्यावर पात्याची कड मार्करने गिरवून घ्यायची आणि तिच्याभोवती ८ मिमीवर दुसरी रेघ काढायची. मग टोक आत गेलं तरी पडद्यावर ते "दिसतं". भांड्याची कड बाहेरच्या रेघेला टेकली की थांबायचं. रेघ पात्याच्या चहूबाजूंनी असल्यामुळे वर्तुळमध्य यांनी सांगितलेली खांद्याची अडचण उरत नाही. काही फिरवावं लागत नाही.

लेझरच्या दोन गोष्टी मला खटकायच्या. काळपट ओल्या लाकडावर लाल ठिपका दिसायचाच नाही, उजेड मंद करावा लागायचा, आणि फिरत्या लेथजवळ मंद उजेड मला नको होता. हिरवा ठिपका डोळ्याला जास्त ठळक दिसतो, पण मग चकाच्या चकचकीत पोलादावरून येणाऱ्या परावर्तनाकडेही लक्ष ठेवावं लागतं. १ मिलिवॉटपेक्षा जास्त ताकदीचा लेझर मी या कामाला घेणार नाही. दुसरं म्हणजे ठिपका पाहायला मान भांड्यावर झुकते, आणि भांडं फुटलं तर तुकडे नेमके तिकडेच उडतात. पडदा बाजूला ठेवता येतो.

जुनी पटाशी

मान बाजूला राहते हा फायदा निर्विवाद. पण शिकणाऱ्याच्या बाबतीत माझी तक्रार इथे वाढतेच. आता तो लाकडाकडेही पाहत नाही, चित्राकडे पाहतो. सालीची फट फिरत येते आहे, खांद्यावर केसाएवढी चीर उघडली आहे, हे डोळ्यांनी लाकडावरच दिसतं.

पडदा

चीर दिसायला मशीन थांबवावीच लागते, मग ती लेझर असो की कॅमेरा. मी दर वेळी ढलप्या काढताना भांडं हाताने फिरवून पाहतो. त्या सवयीचा आणि पडद्याचा संबंध नाही.

ढलपी

वर्तुळमध्य यांचं वाचून राहवलं नाही. माझी दोन भांडी आज बँडसॉवर (पट्टा-करवतीवर) उभी चिरली. एक लेझरच्या आधीचं, एक लेझरचं. दोन्ही ८ मिमीच्या हिशोबाने केलेली.

लेझरचं पोटापाशी ८, खाली वळणावर ७.५, खांद्यावर ५.५. हिशोब तंतोतंत खरा निघाला, आणि मी इतकी वर्षं खांद्यावर लेझरचा हात पुरेसा फिरवत नव्हतो हेही निघालं. कॅलिपर आणि कानाने केलेलं: पोटापाशी ११, खालच्या वळणावर १४, खांद्यावर ७. म्हणजे जुन्या पद्धतीत मी खांदा बरा राखला होता, आणि जिथे हात पोहोचत नव्हता तिथे भीतीने लाकूड सोडून दिलं होतं. भांडं हातात घेतलं की खालून जड लागायचं, त्याचं कारण आज कापल्यावर दिसलं.

जुनी पटाशी, वीस भांडी लेझरशिवाय हा आग्रह सोडा. एक दुसरं सुचवतो. लेझर बसवा, पण त्याच्यावर चिकटपट्टी लावा. मुलाला वाटेल "आता ८ मिमी झालं" तेव्हा त्याने मशीन थांबवून तसं तोंडाने सांगायचं. मग पट्टी काढून ठिपका पाहायचा. कानही घडेल आणि भांडंही वाचेल.

ओला ओंडका

हे चांगलं आहे. फक्त मोजायला थांबाल तेव्हा ओल्या लाकडावर ओलं फडकं टाका.

जुनी पटाशी

केलं. शनिवारी त्याच्याकडून एक ओलं भांडं ढलपी यांच्या पद्धतीने करून घेतलं. खांद्यासाठी लेझरचा हात तिरका फिरवून आधी त्याला कागदावर दाखवला, मग पट्टी लावली. धूळ ओढणारं यंत्र बंद ठेवलं, तोंडावर मास्क आणि चेहरा झाकणारी ढाल दोन्ही होतं.

पोटापाशी त्याने "८" म्हटलं, ठिपक्याने ९ निघाले. खांद्यावर "८" म्हटलं तिथे ५ च उरले होते. तिसऱ्या वेळी, अजून जरा खाली, तो स्वतःहून थांबला आणि म्हणाला की आवाज बदलला. तिथे ८ ला थोडंसंच कमी होतं.

वीस हा आकडा मी मागे घेतो. पण खांद्यावरचे ते ३ मिमी मला अजून खुपतात. पुढची भांडीही पट्टी लावूनच सुरू करणार, आणि पट्टी निघेल ती मशीन थांबल्यावरच. वर्तुळमध्य, खांदा ६० अंशांचा असेल तर लेझरचा हात नेमका किती फिरवायचा, ते एका चित्रासकट सांगाल का? त्याच्या वहीत लावून ठेवतो.