सल्ला हवा: चढावर ट्रकच्या एसीची हवा समोरून न येता काचेवर जाते

जुना पेट्रोल पिकअप ट्रक आहे. एसी मस्त गार करतो, पंख्याचा जोरही ठीक. पण बटण तोंडासमोरच्या जाळीवर असलं तरी चढ लागला किंवा ओव्हरटेकला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की समोरची हवा बंद होते आणि सगळी काचेवर जाते. पाय उचलला की परत समोर. एक मेकॅनिक म्हणतो गॅस भरा, दुसरा म्हणतो अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
गॅस अजिबात भरू नका. गॅस कमी असेल तर हवा कोमट येईल, वाट बदलणार नाही. हवेची वाट ठरवतात डॅशबोर्डमागच्या झडपा, आणि तुमच्या लक्षणांवरून त्या व्हॅक्यूमवर (हवा खेचून घेणाऱ्या ओढीवर) चालणाऱ्या दिसतात. हा व्हॅक्यूम इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या भागातून येतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की तिथला व्हॅक्यूम जवळपास संपतो. तेवढा वेळ निभावून न्यायला एक छोटी टाकी असते, आणि तिच्यातला व्हॅक्यूम उलटा इंजिनाकडे जाऊ नये म्हणून चेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. यातलं काहीतरी गळतंय. व्हॅक्यूम गेला की झडपा स्प्रिंगने काचेकडे वळतात. ते मुद्दामच तसं केलेलं असतं, म्हणजे बिघाड झाला तरी काचेवरचं धुकं काढता येतं.

फुकटातली परीक्षा: इंजिन चालू ठेवून हवा समोर घ्या, मग इंजिन बंद करून चावी लगेच पुन्हा ऑनवर आणा, पंखा फिरू द्या. हवा बराच वेळ समोरूनच आली तर टाकी आणि व्हॉल्व्ह ठीक. क्षणात काचेवर गेली तर बॉनेट उघडा. मॅनिफोल्डपासून निघणारी बारीक नळी हाताने चाचपत फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीपर्यंत) जा. उष्णतेने ती कडक होऊन तडकते, विशेषतः टोकांना. टाकी बहुधा प्लास्टिकची असते, तिलाही चीर जाते. चेक व्हॉल्व्ह काढून इंजिनाच्या बाजूने फुंकून बघा. हवा अडली पाहिजे. डॅशबोर्ड उतरवायची गोष्ट सगळ्यात शेवटी.

प्रतिसाद २
वरचं बरोबर, पण नवीन ट्रकवाल्यांनी हे जसंच्या तसं घेऊ नये. त्यांत प्रत्येक झडपेला छोटी मोटर असते, अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. तिचा प्लास्टिकचा गिअर झिजला की चावी फिरवल्यावर डॅशबोर्डमागे टकटक ऐकू येते आणि झडप अर्ध्यात अडकते. चढ-उताराशी त्याचा संबंध नसतो. काही गाड्यांत बॅटरी काढून जोडल्यावर झडपांचं कॅलिब्रेशन (मोटरला झडपेच्या जागा पुन्हा ओळखायला लावणं) पुन्हा करावं लागतं, ते आधी करून बघा, उगाच मोटर बदलू नका. आणि एअरबॅग असेल तर डॅशबोर्डला हात लावण्याआधी बॅटरीची वायर काढा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढं थांबा.

प्रतिसाद ३
माझा डिझेल आहे, हवा कायमच काचेवर. चढ असो वा सपाट, फरक नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)
दादा, डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये कामापुरता व्हॅक्यूम नसतो, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. बऱ्याच गाड्यांत त्याच पंपावर ब्रेकचा बूस्टरही (पेडलवरचा पायाचा जोर वाढवणारा भाग) चालतो. ब्रेक पेडल नेहमीपेक्षा कडक लागतंय का ते आत्ताच बघा. लागत असेल तर एसी राहू द्या, गाडी रस्त्यावर काढू नका. ब्रेक ठीक असतील तर पंपाकडून एसीकडे जाणारी नळी निसटलेली किंवा तुटलेली असणार.

धागाकर्ता
परीक्षा केली. इंजिन बंद करताच हवा काचेवर गेली. नळ्या शाबूत आहेत, पण चेक व्हॉल्व्ह दोन्हीकडून फुंकला जातो. नवीन आणतोय. बसवताना काही बघायचं?

प्रतिसाद २ (पुन्हा)
दिशा. उलटा बसला तर टाकीपर्यंत व्हॅक्यूम पोचणारच नाही आणि हवा सपाट रस्त्यावरही काचेवरच राहील. जुना काढण्याआधी फोटो काढून ठेवा. नळीची टोकं सैल वाटली तर थोडी कापून घट्ट बसवा, लांबी पुरत असेल तरच.