शरीरसंबंधांमुळे स्त्रीची प्रतिकारशक्ती खरंच वाढते का?

चौकस
'आठवड्यातून दोनदा संबंध, इम्युनिटी दणदणीत' असे फॉरवर्ड फिरतात. मग नव्या लग्नात युरिन इन्फेक्शन इतकं का होतं?

पेशीपुराण
फॉरवर्डचं मूळ बहुधा २००४ चा पेनसिल्व्हेनियातला अभ्यास. ११२ विद्यार्थ्यांची लाळ तपासली. आठवड्याला एक-दोनदा संबंध असणाऱ्यांत आयजीए (जंतूंना अडवणारी एक अँटिबॉडी) जास्त निघालं. तीन किंवा अधिक वेळा असणाऱ्यांत मात्र तसं दिसलं नाही. एवढंच नेमकं फॉरवर्डमधून गळतं!

फक्त स्त्रियांवरचं काम २०१५ चं, इंडियाना विद्यापीठातल्या किन्सी इन्स्टिट्यूटचं. ३० निरोगी स्त्रिया, त्यातल्या निम्म्यांचे संबंध चालू होते. त्यांच्यात बीजविमोचनानंतर, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक चढल्यावर, प्रतिसाद टी-हेल्पर २ कडे, म्हणजे अँटिबॉडी बनवायला मदत करणाऱ्या बाजूकडे झुकला. दुसरी बाजू, टी-हेल्पर १, परक्या पेशींवर तुटून पडते, आणि शुक्राणू व गर्भ शरीराला काही अंशी परकेच, म्हणून ती मागे सरते. म्हणजे इथे 'वाढ' नाही, पारडं फिरतं. शिवाय मोजले ते लाळेतले रेणू. कोण कमी आजारी पडलं, हे त्यातून कळत नाही.

मूत्रमार्ग
इन्फेक्शनचा हिशेब वेगळा आहे. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठतं, त्यावर लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जिवाणू जगतात आणि पीएच ३.८ ते ४.५ राहतो. वीर्याचा ७.२ च्या वर, त्यामुळे आम्लता काही तास उतरते. त्यात घर्षणाने गुदद्वाराजवळचे ई. कोलाय जंतू आखूड मूत्रमार्गात ढकलले जातात.

नॉनॉक्सिनॉल-९ असलेली शुक्राणूनाशक जेल किंवा कंडोम टाळा, ते लॅक्टोबॅसिलसच मारतं. योनी आतून धुणं बंद. सुगंधी वॉशही नको. नंतर लघवीला जाऊन या. पुरावा तोकडा आहे, पण तोटा काही नाही.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा इन्फेक्शन झालं तर लघवीचं कल्चर (कोणता जंतू आहे ते पाहणारी चाचणी) करा, तेही अँटिबायोटिकच्या आधी. पहिली धार सोडून मधली घ्या, दोन तासांत लॅबला पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. घरातल्या उरलेल्या दोन गोळ्या खाऊन नमुना दिला की रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि त्रास तसाच राहतो.

चौकस
पाळी गेल्यावर?

मूत्रमार्ग
इस्ट्रोजेन उतरतं, पीएच पाचच्या वर जातो. स्त्रीरोगतज्ज्ञांना योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल विचारा. फरक पडायला काही आठवडे लागतात. पोटातून घ्यायच्या गोळ्यांनी हा फायदा होत नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर आधी सांगा.