विषय: एप्रिलमध्ये बीड-लातूरला जातोय, बाळाच्या पावडरच्या दुधाला पाणी कोणतं?

प्रेषक: बीडची माहेरवाशीण, हल्ली लेस्टर

मंडळी, नमस्कार.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात धाकट्या दिराचं लग्न आहे. आधी माहेरी, गेवराई तालुक्यातल्या गावी, आणि मग लातूरला सासरी असा बेत आहे. लेकरू तेव्हा साडेतीन महिन्यांचं असेल. अंगावरचं पुरत नाही, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा डब्यातल्या पावडरचं दूध द्यावं लागतं. इथे कधी विचार करावा लागला नाही. नळाचं पाणी केटलमध्ये उकळायचं, झालं.

तिकडे मात्र प्रत्येकाचं वेगळं. आई म्हणते आपल्या बोअरचं पाणी गोड आहे, उकळून घे. वहिनी म्हणते जार मागवू. सासूबाई म्हणतात आपल्याकडे फिल्टर आहे. नवरा म्हणतो बाटल्या विकत घेऊ. चौघंही ठाम आहेत आणि पाणी ढवळणार मी. कुणी नुकतंच तान्ह्या बाळाला घेऊन मराठवाड्यात जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.

प्रेषक: नांदेडचे काका, बर्मिंगहॅम

बेटा, एवढी काळजी करू नकोस. आमची अख्खी पिढी आडाचं पाणी पिऊन वाढली. गावाकडे फडक्यानं गाळून उकळलेलं पाणी म्हणजे औषध. आईचं ऐक. आणि हो, तिकडे तेव्हा पारा बेचाळीसच्या पुढे असतो, लेकराचा घसा कोरडा पडतो. मधून मधून दोन चमचे पाणी पाजत जा.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाची वर्गणी अजून बऱ्याच जणांकडून यायची आहे, तीही याच मेलमध्ये आठवण करून देतो.

प्रेषक: अंबाजोगाईच्या मेडिकलची माजी विद्यार्थिनी, लीड्स

> गावाकडे फडक्यानं गाळून उकळलेलं पाणी म्हणजे औषध.

काका, अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यासाठीच सविस्तर लिहिते. मी बालरोग विभागात काम करते, पण हे कुणा एका बाळाला तपासून दिलेलं औषध नाही एवढं लक्षात असू द्या.

ताई, पाणी कशातून येतं हे आधी विचारा. ते कसं शुद्ध करायचं हा प्रश्न त्यानंतरचा. धरणातून नळानं येणाऱ्या पाण्यात भीती असते जंतूंची. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं, मधल्या काळात पाइप रिकामे पडतात आणि फुटक्या जोडांतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. त्याला उकळणं हा खणखणीत उपाय आहे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटं उकळायचं असतं, आपला मराठवाडा त्या उंचीच्या आसपासही नाही.

बोअरच्या पाण्यात भीती असते ती विरघळलेल्या गोष्टींची, मुख्यतः नायट्रेटची. ते उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण थोडं वाढतंच. जास्त वेळ उकळलं की जास्त शुद्ध झालं, ही समजूत इथे बाळाच्या विरोधात जाते. फडक्यानं गाळलं, तुरटी फिरवली, मेडिक्लोरचे (क्लोरीनचे) थेंब टाकले तरी नायट्रेट जागचं हलत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चवीलाही कळत नाही. आईला पाणी गोड लागतं ते खरंच असेल, पण गोडीवरून नायट्रेट ओळखता येत नाही.

येतं कुठून? कापूस, सोयाबीन, ऊस यांना टाकलेल्या युरियातून, विहिरीशेजारच्या गोठ्यातून आणि उकिरड्यातून, संडासाच्या शोषखड्ड्यातून. खाली काळा पाषाण, पाणी त्याच्या भेगांमधून सरळ उतरतं, वाटेत फारसं गाळलं जात नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर होतं. देशातल्या सगळ्यात वाईट पंधरा जिल्ह्यांच्या यादीत नांदेड आणि बीड दोन्ही आहेत. काका, तुमचा आणि ताईंचा!

भारतीय मानकात (आयएस १०५००) नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. मोठ्या माणसाला थोडं जास्त गेलं तर लगेच काही दिसत नाही. तान्ह्या बाळाच्या पोटात आम्ल कमी असतं, तिथले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेऊ देत नाही. ओठ आणि नखं निळसर-राखाडी होतात, बाळ मलूल पडतं. अमेरिकेत आयोवा राज्यात विहिरीच्या पाण्यात दूध कालवून दिलेल्या बाळांना हे झाल्याचं हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी १९४५ मध्ये लिहिलं. त्यानंतर जगभर याकडे लक्ष गेलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना धोका सर्वांत जास्त. अंगावरच पिणाऱ्या बाळाला तो जवळजवळ नाही, कारण आईच्या दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही. म्हणून जेवढं अंगावर पाजता येतं तेवढं चालूच ठेवा, प्रवासाच्या धांदलीत तोडू नका.

आता दुसरी बाजू. पाणी कितीही चांगलं असलं तरी पावडर स्वतः निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की पावडर ७० अंशांपेक्षा थंड पाण्यात कालवू नये. इथल्या सरकारी आरोग्यसेवेची, एनएचएसची, साधी युक्ती तिकडेही चालते: किमान लिटरभर ताजं पाणी उकळा आणि अर्ध्या तासाच्या आत त्यातच दूध करा. एवढ्या वेळात ते ७० च्या खाली जात नाही, तिकडच्या उन्हाळ्यात तर आणखीच सावकाश निवतं. सकाळी उकळून ठेवलेलं कोमट पाणी दुपारी वापरायचं, ही पद्धत घरोघरी दिसते. ती नको.

दूध थंड करायला इथे आपण बाटली नळाखाली धरतो. एप्रिलमध्ये तिकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका देतं. माठातलं पाणी पातेल्यात घ्या, बूच घट्ट लावून बाटली त्यात उभी करा, मग मनगटावर थेंब टाकून बघा.

काका, ते दोन चमचे पाणी मात्र नको. सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळं पाणी लागत नाही, बेचाळीस अंशांतही नाही. दूध जास्त वेळा द्या. आणि उन्हाळा म्हणून पावडर पातळ कालवू नका. पाणी जास्त झालं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि झटके येऊ शकतात.

प्रेषक: जालनेकर, रेडिंग

डॉक्टरबाईंनंतर मी काय लिहिणार, पण यंत्रांबद्दल थोडं. माझा धंदाच तो होता.

फिल्टर म्हटलं की तिकडे सगळं एकाच पोत्यात जातं. कँडलवाला, कोळशाचा, निळ्या दिव्याचा यूव्ही, आणि बारीक पडद्यातून दाबानं पाणी गाळणारा आरओ. यातला फक्त आरओ नायट्रेट आणि फ्लोराइड बऱ्यापैकी कमी करतो. यूव्हीचा दिवा जंतू मारतो, क्षारांना हातही लावत नाही. तेव्हा सासूबाईंच्या यंत्राचा फोटो मागवा, त्यावर काय लिहिलंय ते वाचा.

आरओ असला तरी त्याचा पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, शेवटचा कधी बदलला ते विचारा. पाण्यात एकूण विरघळलेले क्षार दाखवणारं टीडीएस मीटर स्वस्त असतं, इथूनच घेऊन जा. ते नायट्रेट मोजत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. पण आत जाणारं पाणी नऊशे आणि बाहेर पडणारं साठ-सत्तर दाखवत असेल तर पडदा जिवंत आहे. आतलं नऊशे आणि बाहेरचं सहाशे असेल, तर दुरुस्तीवाल्याने मिक्सिंगचा वॉल्व्ह जास्त उघडून ठेवलाय किंवा पडदा गेलाय. तो वॉल्व्ह पाण्याला चव यावी म्हणून उघडतात, त्यामुळे कच्चं पाणी थेट मिसळतं.

गावातल्या थंड जारबद्दल: प्लांटला आरओ असतो, पण पाणी त्याच गावच्या बोअरचं. पडदा कोण तपासतं? जार आतून कोण धुतं? त्या थंड जारला ना सील, ना तारीख. सीलबंद जार किंवा बाटली घेतलीत तर त्यावर १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांक आणि भरल्याची तारीख बघा. लेबलवर सोडियम लिहिलेलं असेल तर ते लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आत हवं. बाटलीचं पाणीही उकळायचंच, ते निर्जंतुक नसतं.

आरओच्या पाण्यात ताकद नसते असं कुणी तरी सांगेलच. पावडरमध्ये बाळाला लागणारे क्षार मोजून घातलेले असतात. पाण्यातून नाही मिळाले तरी बिघडत नाही.

प्रेषक: लातूरला परतलेले एक जुने सभासद

तुमच्या या ई-मेल यादीवर अजून आहे, काढू नका!

लातूरबद्दल सांगतो. शहराला मांजरा धरणाचं पाणी येतं. पण नळ रोज येत नाही, म्हणून बहुतेक घरांत बोअरही आहे आणि दोन्ही पाणी एकाच हौदात पडतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्यांना माहीत आहे, पण त्या उन्हाळ्यात दारात येणारा टँकर कुठल्या विहिरीवर भरला हे विचारायची सोय नव्हती. आताही टँकर आला की तेच. तेव्हा "आमच्याकडे नळ आहे" एवढ्यावर थांबू नका, हौदात काय काय पडतं ते विचारा.

लग्नघरात तर पाणी कुठून आलं हे शेवटी आचाऱ्यालाच ठाऊक असतं.

प्रेषक: बीडची माहेरवाशीण, लेस्टर

सगळ्यांचे आभार. मधल्या काळात भावाला कामाला लावलं.

आधी तो ग्रामपंचायतीत गेला. तिथे त्याला अभिमानानं सांगितलं की आपल्या गावाला हिरवं कार्ड आहे. मला हायसं वाटलं होतं, पण खोलात गेल्यावर कळलं की लाल-पिवळं-हिरवं कार्ड मिळतं ते स्रोताभोवतीची स्वच्छता, गळती, पाण्यात टाकायच्या जंतुनाशक टीसीएल पावडरचा साठा अशा गोष्टी पाहून. म्हणजे जंतूंचा धोका किती, एवढंच. बोअरमधल्या नायट्रेटशी त्याचा संबंध नाही, आणि आमचा बोअर तर घरचा, तो त्या पाहणीत येतच नाही.

मग त्यानं स्वच्छ बाटलीत नमुना भरून बीडला भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत दिला. फ्लोराइड मर्यादेत, नायट्रेट ४५ च्या वर. बोअर गोठ्याच्या भिंतीला लागून आहे. आईला ते पटायला जड गेलं, "इतकी वर्षं आपण काय विष पीत होतो का?" वहिनीनं तिला समजावलं की मोठ्यांचं वेगळं, लेकराचं वेगळं.

लातूरचा फोटोही आला. सासूबाईंचा फिल्टर यूव्हीचा आहे. पण दीर सांगतात, खालच्या हौदात बोअर पडतो आणि स्वयंपाकघरातल्या पिंपात फक्त नळाचं पाणी भरतात. म्हणून ठरलं असं: माहेरी सीलबंद जार, उकळून. लातूरला पिंपातलं पाणी, फिल्टरमधून आणि उकळून. नळ लांबला आणि पिंपात टँकरचं पाणी भरायची वेळ आली तर तिथेही सीलबंद जार.

एक राहिलं. मुंबईहून गेवराईपर्यंत गाडीनं जायचंय, रस्त्यात दूध कसं करू? आणि पावडर इथूनच नेऊ की तिकडे घेऊ?

प्रेषक: अंबाजोगाईच्या मेडिकलची माजी विद्यार्थिनी, लीड्स

चांगला थर्मास घ्या, उकळतं पाणी काठोकाठ भरा, झाकण घट्ट. काही तास ते ७० च्या वर राहतं. पावडर मोजून कोरड्या डब्यांत वेगवेगळी ठेवा आणि भूक लागेल तेव्हाच कालवा. कालवलेलं दूध दोन तासांच्या आत संपवायचं, बाळानं तोंड लावल्यावर उरलेलं टाकून द्यायचं. त्या उन्हात मी तर तासाभराच्या पुढे ठेवणार नाही. ढाब्यावरचं गरम पाणी मागू नका, ते गरम असतं, उकळलेलं असतंच असं नाही.

पावडर इथूनच न्या, सुट्टीच्या दिवसांना पुरून थोडी उरेल इतकी. तिकडे घ्यावीच लागली तर त्या डब्यातलाच चमचा वापरा. काही डब्यांत एका चमच्याला ३० मिलिलिटर पाणी लागतं, अमेरिकेतल्या बऱ्याच डब्यांत ६०. चमचे अदलाबदल झाले की सगळं गणित चुकतं. बाटलीत आधी पाणी, मग पावडर.

प्रेषक: नांदेडचे काका, बर्मिंगहॅम

वाचलं सगळं. दिवाळीत आमची सून नातीला घेऊन किनवटला तिच्या माहेरी जाणार आहे. नात तेव्हा चार महिन्यांची असेल. तिकडेही हेच का?

प्रेषक: अंबाजोगाईच्या मेडिकलची माजी विद्यार्थिनी, लीड्स

काका, किनवटला दोन्ही तपासा. त्या भागात फ्लोराइडची जुनी तक्रार आहे. दोन-तीन आठवड्यांच्या मुक्कामात फ्लोराइडनं बाळाचं काही बिघडत नाही, त्याचा त्रास वर्षानुवर्षं प्यायल्यावर दातांत आणि हाडांत दिसतो. नायट्रेटचं तसं नाही, ते थोड्या दिवसांतही बाधू शकतं. आणि पावसाळ्यात शेतातलं खत पाण्याबरोबर खाली उतरतं, त्यामुळे उन्हाळ्यातला अहवाल दिवाळीला धरू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नमुना द्या, अहवाल आला की इथे टाका, बघते.