सानिकासाठी वायरवाले इन-इयर, बजेट दोन हजार : सांस्कृतिक ग्रुपवरची चर्चा

वैशाली (बी-५०४): नमस्कार मंडळी 🙏 सानिकाला गाण्यासाठी कानात घालायचे वायरवाले इअरफोन घ्यायचेत. घरी माइक फोनला जोडणाऱ्या छोट्या इंटरफेसवर रेकॉर्डिंग करते, शिवाय यंदा गणपतीत आपल्या ऑर्केस्ट्रात गाणार आहे. बजेट दोन हजार. ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात विचारलं तर "वायर आता कोण घेतं" म्हणून त्याने ब्लूटूथवालेच पुढे केले. कोणाला यातलं कळत असेल तर सांगा.

सुहास (ए-१००२): आमच्याकडे ब्लूटूथचेच आहेत, बाराशेचे. गाणी, मीटिंग, सगळं व्यवस्थित होतं. वायरचा गुंता कशाला?

निनाद (सी-१२०१): सुहासदादा, ऐकायला ते उत्तम आहेत. गाताना किंवा वाजवताना चालत नाहीत. ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून छोटा केला जातो, मग हवेतून जातो, मग पलीकडे पुन्हा उलगडतो. यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. व्हिडिओ बघताना फोन चित्रही तेवढंच मागे ठेवतो, म्हणून आपल्याला कळत नाही. गाताना मात्र सानिका आत्ता लावलेला 'सा' कानात पाव सेकंदाने ऐकणार. ध्वनी सेकंदाला जवळजवळ ३४० मीटर जातो, म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर हा ६८ मीटर लांब ठेवलेल्या स्पीकरवर स्वतःला ऐकत गाण्याइतका झाला. त्यात लय सांभाळणं कोणालाच जमणार नाही. दहा-बारा मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की गायकाला खटकायला लागतं.

वैशालीताई, इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' असं बटण असेल तर रेकॉर्डिंग करताना ते चालू ठेवायला सांगा. नाहीतर आवाज फोनमधून फिरून येतो आणि वायर असूनही थोडा मागे पडतो.

वैशाली (बी-५०४): बटण आहे. आजपर्यंत कधी दाबलं नव्हतं तिने. मग वायरवाले नक्की. पण कोणते?

रोहन (बी-९०३): काकू, दोन हजारांच्या आसपास आता खूप चांगले मिळतात. मूनड्रॉपचा चू २, सेव्हन हर्ट्झचा झीरो २, ट्रुथिअरचा गेट, केझेडची तर रांगच आहे. मी केझेडचा झेडएसएन प्रो एक्स वापरतो. त्यात आवाज काढणारे दोन ड्रायव्हर आहेत, एक डायनॅमिक आणि एक बॅलन्स्ड आर्मेचर. ठाणे-वाशी लोकलमध्ये बेस आणि ट्रेबल दोन्ही मस्त ऐकू येतात. सानिकाला तोच घ्या.

निनाद (सी-१२०१): रोहन, तुझ्या प्रवासासाठी तो बरोबर आहे. गाडीचा खडखडाट खालचे स्वर खाऊन टाकतो, त्यामुळे जास्त बेस तिथे कामाला येतो. पण त्या ट्यूनिंगमध्ये, म्हणजे बेस-ट्रेबल वाढवलेल्या आवाजात, मधला भाग मागे जातो, आणि माणसाचा गळा, हार्मोनियम, सगळं त्याच मधल्या भागात असतं. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज पातळ ऐकू आला की ती नकळत जोर लावते. जोर लावला की स्वर चढतो. रिहर्सलमध्ये चांगल्या गळ्याच्या मुली केवळ ऐकू येत नाही म्हणून ओरडून गाताना बघितल्या आहेत आणि प्रत्येक वेळी फार वाईट वाटतं, कारण दोष गळ्याचा नसतोच.

ड्रायव्हर किती हा प्रश्न या किमतीत सोडून द्यायचा. दोन वेगळ्या जातींचे ड्रायव्हर एकमेकांत बेमालूम मिसळणं अवघड काम आहे. नीट ट्यून केलेला १० मिमीचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर बरा. चू २ आणि झीरो २ दोन्हीत तोच आहे.

रोहन (बी-९०३): कोणता स्वर किती जोरात वाजतो त्याचे ग्राफ बघितले तर दोन्ही हरमन टार्गेटच्या बरेच जवळ आहेत, हे मान्य. काकू, शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या टीमने बऱ्याच लोकांना वेगवेगळे आवाज ऐकवून कोणतं ट्यूनिंग बहुतेकांना आवडतं ते काढलं, त्याला हरमन टार्गेट म्हणतात. पण दादा, मग या दोघांत फरक काय?

निनाद (सी-१२०१): झीरो २ मध्ये बेस थोडा जास्त, आवाज उबदार, अंग प्लॅस्टिकचं आणि हलकं. चू २ धातूचा, जरा जड, वरच्या पट्टीत, म्हणजे ट्रेबलमध्ये, जास्त उजळ. सानिकाचा आवाज मुळात बारीक आणि टोकदार आहे, त्यामुळे मी झीरो २ कडे झुकेन. पण कानात घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ग्राफ मशीनच्या कानात मोजलेला असतो. त्या कानात इअरफोन अगदी घट्ट बसवलेला असतो, आणि ८ किलोहर्ट्झच्या वरचं मोजमाप तर प्रत्येक माणसाच्या कानात वेगळंच पडतं.

खोक्यावर '४० किलोहर्ट्झपर्यंत' किंवा 'हाय-रेझ' लिहिलेलं असतं त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वर ऐकू येत नाही, वय वाढतं तसं त्याहून खूपच कमी.

देशपांडे काका (ए-२०२): अरे निनाद, मग स्टेशनबाहेर तीनशे-चारशेला मिळतात त्यांनी काय बिघडतं? आम्ही आयुष्यभर तेच वापरले.

निनाद (सी-१२०१): काका, त्यातलेही काही बरे असतात. पण वायर पिनपाशी तुटली की पूर्ण वस्तू टाकावी लागते. चू २ आणि झीरो २ ची केबल सुटी करता येते, ०.७८ मिमीच्या दोन पिनांची. केबल गेली तर फक्त केबल घ्यायची. म्हणूनच चूचा जुना पहिला मॉडेल कोणी स्वस्तात देत असेल तर नको, त्याची केबल कायमची जोडलेली होती. पिन काढताना सरळ ओढायची, वाकवायची नाही, एवढं सानिकाला आधीच सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं लिहितो. जरा लांबेल, पण मुलांना जरूर वाचायला द्या.

या इअरफोनचा आवाज बराचसा रबराच्या टिप्सवर अवलंबून असतो. टीप कानात नीट बसली नाही, जराशी फट राहिली, तर बेस त्या फटीतून निघून जातो. मग लोक म्हणतात "आवाज पत्र्यासारखा आहे" आणि चांगली वस्तू परत करतात, किंवा आवाज वाढवत नेतात. खोक्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा टिप्स येतात. कारखान्यातून मध्यमच बसवून येतात आणि बहुतेक जण त्या कधी बदलतच नाहीत. तपासायची पद्धत सोपी आहे. तानपुरा लावा, खर्जाची तार नीट ऐका, आणि इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर खर्ज भरला, बोट काढल्यावर विरला, तर टीप लहान पडते आहे. दुखत असेल किंवा बाहेर ढकलली जात असेल तर मोठी आहे. दोन्ही कानांना वेगळं माप लागणं अगदी नेहमीचं आहे, त्यात काही बिघाड नाही. घालताना दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, मग नळी सरळ होते आणि टीप आपोआप जागेवर जाते.

केबल कानावरून वळवून मानेमागे घ्यायची, हनुवटीखाली नाही. वायर कपड्याला घासली की तिची खरखर थेट कानात येते, कानावरून घेतली की ती बरीच कमी होते. रबर बसतच नसेल तर फोमच्या टिप्स मिळतात. त्या दाबून घालायच्या, आत फुगतात. बाहेरचा आवाज छान अडवतात, वरची टोकदार पट्टीही थोडी मऊ करतात. पण घामाने लवकर खराब होतात, काही महिन्यांनी बदलाव्याच लागतात. दोन हजारांतले तीनशे टिप्ससाठी बाजूला ठेवा असं मी कोणालाही सांगेन. पाच हजारांचा इअरफोन सैल टिपेवर वाईटच वाजतो.

वैशाली (बी-५०४): हे खरंच कोणी सांगितलं नव्हतं. आत्ता घरातल्या जुन्या इअरफोनची टीप बदलली आणि सानिका म्हणते दुसराच इअरफोन वाटतोय.

अमोल (सी-३०१): निनाद, स्टेजचं सांग. गेल्या वर्षी गायक-वादकांसाठी खाली ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरमधून ढोलकीच ऐकू येत नव्हती, आणि आवाज वाढवला की शिट्टी.

निनाद (सी-१२०१): शिट्टी येते कारण मॉनिटरचा आवाज गायकाच्या माइकमध्ये परत शिरतो. कानात असला की तो मार्गच बंद होतो. पण एक चूक टाळा. मिक्सरच्या ऑक्स आउटमध्ये, म्हणजे मॉनिटरसाठीचा वेगळा मिक्स जिथून बाहेर येतो तिथे, इअरफोनची पिन थेट घालू नका. तो आउटपुट मोनो असतो, त्यामुळे एकाच कानात वाजतं, आणि तो इअरफोन चालवायला बनवलेलाही नसतो. मध्ये छोटा हेडफोन अ‍ॅम्प लागतो, कमरेला लावायचा, बेहरिंगरच्या पॉवरप्ले पी-१ सारखा. आपल्याकडे तू आणि मी बसून वाजवतो, सानिका स्टँडजवळ उभी राहणार, त्यामुळे लांब वायर टाकून भागेल. वायरलेस संच फार महाग पडतात, त्याची यंदा गरज नाही.

कान बंद झाले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, डब्यात बोलल्यासारखा. नवीन माणूस घाबरून एक बाजू काढून टाकतो. ते करू नका. उघड्या कानात स्टेजचा गोंगाट येतो, मग दुसऱ्या कानातला आवाज माणूस वाढवतच राहतो. त्याऐवजी मिक्समध्ये तिचा स्वतःचा आवाज थोडा पुढे घ्यायचा आणि प्रेक्षकांकडे तोंड केलेला एक माइक फक्त मॉनिटरमध्ये सोडायचा, म्हणजे टाळ्याही कळतात आणि कोंडल्यासारखं वाटत नाही. आणि कानात घालण्याआधी अ‍ॅम्पचं बटण शून्यावर. साउंडवाल्याच्या हातून माइक पडला तर तो धक्का थेट कानाच्या पडद्यावर जातो. ऑक्सवर लिमिटर, म्हणजे आवाज एका मर्यादेपलीकडे जाऊ न देणारी सोय, लावायला मी त्यांना आधीच सांगून ठेवतो.

डॉ. मीनल (ए-७०१): निनादच्या शेवटच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, आणि ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास. दहा डेसिबल वाढले की वेळ दहापट कमी होते, हे मुलांना समजावून सांगा. रोहन, लोकलमध्ये तुझी टीप घट्ट असेल तर आवाज कमी ठेवूनही ऐकू येईल, तो खरा फायदा. रूळ ओलांडताना आणि घोडबंदर रोडवर मात्र काढूनच ठेवायचे.

एकमेकांचे वापरू नका. पावसाळ्यात दमटपणामुळे कानात बुरशी होण्याचं प्रमाण वाढतं. टिप्स काढून कोमट पाण्याने धुवा, पूर्ण वाळल्यावरच परत लावा. जाळीत सुई घालू नका.

देशपांडे काका (ए-२०२): मीनल, मला जुनी नाट्यगीतं ऐकायची असतात. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या. मीही हेच घेऊ का?

डॉ. मीनल (ए-७०१): काका, तुम्ही आधी येऊन कान दाखवा. मळ असेल तर हे इअरफोन तो आणखी आत ढकलतात.

निनाद (सी-१२०१): आणि काका, तुम्हाला मी हे सुचवणार नाही. त्या ध्वनिमुद्रिका मोनो आहेत, त्यांत वरची पट्टी फारशी नाही, उलट तबकडीची चरचर तिथे बसलेली असते. उजळ इअरफोन ती चरचरच पुढे आणेल. तुम्हाला कानावर बाहेरून टेकणारा, हलका, उघडा हेडफोन घेऊ. कोणी दाराची बेल वाजवली तरी कळेल. मी दोन-तीन प्रकार बघून तुम्हाला वेगळं सांगतो.

देशपांडे काका (ए-२०२): चालेल. चरचर मला आवडते हो, पण गाणं झाकू नये.

सेक्रेटरी (ए-४०१): निनाद, तीन हेडफोन अ‍ॅम्प भाड्याने मिळतील का? गणेशोत्सवाच्या साउंडच्या खर्चात बसवता येईल. इअरफोन ज्याचे त्याने आणायचे.

निनाद (सी-१२०१): मिळतील सर. साउंडवाल्याच्या कोटेशनमध्ये लिहून घ्या, आयत्या वेळी नको. रविवारी संध्याकाळी क्लब हाउसमध्ये माझा झीरो २ आणि एका मित्राचा चू २ आणतो. ज्याला ऐकायचंय त्याने स्वतःच्या टिप्स आणा.

[रविवार]

वैशाली (बी-५०४): झालं ऐकून. सानिकाने चू २ निवडला. निनाद, तू म्हणालास त्याच्या उलट 🙂

सानिका: निनाददादा, झीरो २ मध्ये हार्मोनियम छान भरून येत होती, पण माझे शब्द तिच्यात थोडे मिसळत होते. चू २ मध्ये 'स' आणि 'श' वेगळे कळले. उजव्या कानाला मध्यम आणि डाव्याला लहान टीप लागली.

निनाद (सी-१२०१): मग तोच घे. तू काय ऐकलंस ते नेमकं सांगितलंस, माझा अंदाज बाजूला ठेव. ३.५ मिमी पिनचाच घे, टाइप-सीवाला नको. तो कीबोर्डला, इंटरफेसला, अ‍ॅम्पला कुठेच लागणार नाही. माइक नसलेली केबल निवड. माइकवाल्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, काही सॉकेटमध्ये ती नीट टेकत नाही आणि मधोमध असलेला गायकाचा आवाजच गायब होतो. अधिकृत विक्रेत्याकडूनच मागव, आणि उघडल्यावर परत घेतात का ते आधी वाच, कानातल्या वस्तू बरेच जण घेत नाहीत.

सानिका: माझ्या फोनला जॅक नाहीये.

रोहन (बी-९०३): माझा डोंगल, म्हणजे फोनला जॅक जोडून देणारा छोटा तुकडा, ने दोन दिवस. अ‍ॅपलचा घेऊ नको पण, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज खूप कमी येतो.

निनाद (सी-१२०१): बरोबर. आधी रोहनचा लावून बघ, आवाज पुरला तर तसाच घे. इंटरफेसला पाव इंची सॉकेट असेल, त्याचा कन्व्हर्टर माझ्याकडे जास्तीचा आहे, बुधवारी रिहर्सलला देतो. डबीत सिलिका जेलची एक पुडी टाकून ठेव.

सेक्रेटरी (ए-४०१): साउंडवाल्याच्या कोटेशनमध्ये तीन हेडफोन अ‍ॅम्प आणि लिमिटर, दोन्ही लिहून घेतलं. अमोल, ढोलकीसाठी वेगळा ऑक्स लागेल का तेवढं आजच कळव.

अमोल (सी-३०१): हो सर, वेगळा लागेल. मी आणि सानिका एकाच मिक्सवर नको.