इंग्रजी-मराठी कोशात 'डॅम्प'चा पहिला अर्थ 'ओलसर' द्यावा का?

कोशकिडा: 'डॅम्प'ला 'दमट, ओलसर' लिहिलं की आपले कोश मोकळे. शब्द मुळात वाफेचा, धुराचा. जर्मनमधला 'डाम्प्फ' आजही वाफच. इंग्रजीत तो आधी घातक वायूसाठी वापरला गेला. ओलीचा अर्थ १८ व्या शतकात रुळला. खाणीत जुना अर्थ टिकून आहे. फायरडॅम्प म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेत साधारण ५ ते १५ टक्के असला की ठिणगी पुरे. ब्लॅकडॅम्प म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन. त्यात माणूस गुदमरतो. हंफ्री डेव्हीच्या १८१५ च्या खाणीतल्या सुरक्षा दिव्यात पहिला आला की ज्योत उंचावून तिच्यावर निळसर टोपी दिसे, दुसऱ्यात ज्योत मंदावून विझे. यात ओल कुठे आहे? कोशात वायूच पहिला हवा.

भाषांतरवाली: अजिबात नको. कोश उघडणाऱ्याला आजचा अर्थ हवा असतो. व्युत्पत्तीच पहिली लावायची तर 'मॉइस्ट'चं काय करणार? त्याचं मूळ बहुधा लॅटिन 'म्युसिडस', म्हणजे बुरसटलेला. मग मॉइस्ट केकला बुरसटलेला केक म्हणायचं? खरी चूक वेगळीच होते. यंत्राच्या माहितीपत्रकातल्या 'डॅम्प क्लॉथ'चं 'ओलं फडकं' करतात. वाचणारा निथळतं फडकं फिरवतो आणि पाणी बटणांच्या फटीतून आत जातं. तिथे 'ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं' असंच लिहायला हवं.

खाणमामा: फडक्याचं पटलं. पण डॅम्परचं काय? 'डॅम्प'चं क्रियापद आधी गुदमरवणे, विझवणे असं होतं. पियानोतला डॅम्पर तारेचा नाद दाबतो, धुराड्यातला हवेचा ओढा कमी करतो. 'डॅम्प्ड ऑसिलेशन' म्हणजे अवमंदित आंदोलन, हळूहळू लहान होत जाणारा झोका. 'ओलसर' एवढंच माहीत असलेला इथे हमखास आपटतो.

नवखा: 'दमट' आणि 'डॅम्प' एकाच मुळातले ना? ऐकायला तर जुळे वाटतात.

कोशकिडा: नाही. वारशाने आलेल्या शब्दांत इंग्रजी 'ड'समोर संस्कृतात साधारणपणे 'ध' येतो: 'मिड' आणि मध्य, 'रेड' आणि रुधिर. संस्कृत 'द'समोर इंग्रजीत 'ट' असतो: 'टेन' आणि दश, 'टू' आणि द्वि. म्हणजे 'डॅम्प'चा जुळा 'द'ने नव्हे, 'ध'ने सुरू व्हायला हवा. कानाला गोड लागलं म्हणून नातं जुळत नाही.

भाषांतरवाली: शिवाय 'दमट' सगळीकडे चालतही नाही. हवा दमट, भिंतीला ओल, अर्धवट वाळलेले कपडे आंबटओले. इंग्रजीत तिन्हीकडे 'डॅम्प' खपतं. 'मॉइस्ट' बहुधा हवाहवासा ओलावा, 'डॅम्प' बहुतेकदा नकोसा. नोंदीत आधी हे द्या, वायू तिसऱ्या क्रमांकावर.

खाणमामा: तिसऱ्यावर चालेल, पण 'खाणकाम' असा शिक्का मारून. आणि डॅम्परची नोंद वेगळी हवी.

कोशकिडा: शिक्का मान्य. क्रम नाही.