सह्याद्रीतली डोंगरी नदी राखताना: कामाचे अनुभव, मापांसकट

पावसाळ्यात दुथडी वाहणारी नदी जानेवारीत डोहांपुरती उरते आणि मार्चमध्ये डोहही तळ दाखवतात. यासाठी गावोगाव मनापासून श्रमदान होते, पण माप चुकल्यामुळे बरेच काम पहिल्याच मोठ्या पावसात वाहून जाते. त्याचे फार वाईट वाटते, म्हणून हा धागा. काय केले, किती केले, कुठे फसते ते नेमके लिहा.

*

सुरुवात झऱ्यापासून करा. बारमाही नदी म्हणजे शेवटी वरचे झरेच. कामाआधी निदान एक वर्ष झरा मोजा: 10 लिटरची बादली आणि घड्याळ, बास. धार पन्हळीत गोळा करायची, बादली तीनदा भरून सरासरी काढायची. 25 सेकंदांत भरली तर मिनिटाला 24 लिटर, दिवसाला 34,560 लिटर. दर पंधरवड्याला, त्याच जागी. जोडीला पर्जन्यमापक हवाच. नाहीतर चांगल्या पावसाचे श्रेय पाणी मुरवायला उतारावर खणलेल्या चरांना जाते आणि पुढच्या तुटीच्या वर्षी लोकांचा कामावरचा विश्वास उडतो.

झरा कुठून फुटतो तेही जवळून बघा. मुरूम आणि भेगाळ खडकातून उतरलेले पाणी खालच्या अखंड पाषाणावर किंवा तांबड्या मातकट थरावर अडते आणि त्या सांध्यातून बाहेर येते. ओल्या फटीत बोटे घातली की वरचा खडक ठिसूळ लागतो, खालचा घट्ट. हा सांधा डोंगराला वळसा घालून कुठे कुठे दिसतो ते हिंडून पाहा. मुरण्याची जागा झऱ्याच्या बरोबर माथ्यावर असेलच असे नाही, कधी ती पलीकडच्या सोंडेवर निघते. सिक्कीममध्ये 2008 साली सुरू झालेल्या, झरे जिवंत करण्याच्या ‘धारा विकास’ कामातही आधी झऱ्याचे भूशास्त्र आणि मग चर, असाच क्रम होता.

*

समतल चरांचे, म्हणजे उतारावर एकाच पातळीत आडव्या खणलेल्या चरांचे माप: 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल. एक मीटर लांबीत 180 लिटर मावते, म्हणजे 100 मीटरला 18 घनमीटर, तेही एका भरण्यात. मुरले की पुन्हा भरतो.

समपातळीसाठी ‘ए’ आकाराची लाकडी चौकट आणि ओळंबा पुरतो. चौकट उभी करून आडव्या पट्टीवर दोरी कुठे येते ती खूण करा. मग पाय अदलाबदल करून त्याच दोन ठिकाणी ठेवा, दुसरी खूण करा. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. ही तपासणी रोज सकाळी करा, कारण लाकूड आणि बांधलेले सांधे हलतात.

नेमके इथेच काम बिघडते. लांब चराचे एक टोक थोडे जरी खाली गेले तरी सगळे पाणी तिकडे धावते, कड फोडते आणि खालचे चर एकामागून एक फुटून नवी घळ पडते. त्यामुळे सलग चरापेक्षा पाच-पाच मीटरचे तुटक चर मला जास्त भरवशाचे वाटतात. खालच्या ओळीतला चर वरच्या मोकळ्या जागेसमोर यावा. माती उताराच्या बाजूला, पण कडेपासून 30 सेंमी सोडून टाका, म्हणजे ती परत चरात ढासळत नाही.

*

वरच्या प्रतिसादात एक महत्त्वाची भर. वस्तीच्या वरचा उभा उतार, जमिनीला पडलेल्या भेगा, तिरकी झालेली झाडे, अशा ठिकाणी चर अजिबात नको. मुरलेले पाणी जाड मातीचा थर सैल करते आणि दरड खाली येऊ शकते.

*

नदी ‘खोल करा’ असा आग्रह होतो, त्याला कळकळीने विरोध करा. गाळ काढणे वेगळे आणि पात्राचा मुरूम उकरणे वेगळे. यंत्राने पाणी धरणारा थर कापला की काठच्या विहिरींचे पाणी पात्रात उतरते आणि वाहून जाते. डोह आणि गोट्यांचे उथळ पट्टे मोडले की उन्हाळ्यात माशांना थारा राहत नाही. काठचे उंबर, जांभूळ, करंज तोडू नका. ढासळत्या काठावर पावसाच्या सुरुवातीला वाळुंज आणि निर्गुडीच्या फांद्या रोवा. दोन्ही फांदीपासून येतात. मागच्या अंगाला वाळा लावा.

*

साठवले तरी उपसा तसाच राहिला तर नदी कोरडीच. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेल बंद ठेवल्या आणि पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. मांडणी अवघड नाही: एक हेक्टरला 10 मिमी पाणी म्हणजे 100 घनमीटर. विहिरींची पातळी ऑक्टोबरअखेर मोजा आणि रब्बीची पेरणी होण्याआधी ग्रामसभेत मांडा. पेरल्यावर कुणी ऐकत नाही.

*

वनराई बंधाऱ्याचे, म्हणजे मातीने भरलेल्या प्लास्टिकच्या पोत्यांच्या तात्पुरत्या बांधाचे, कुणी लिहिले नाही. धार मंदावली पण आटली नाही, अशा वेळी बांधा, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आधी बांधला तर परतीचा पाऊस नेतो. अरुंद पात्र, उंच काठ, मंद उतार अशी जागा निवडा. तळाची वाळू कडक थर लागेपर्यंत काढा, नाहीतर पाणी खालून निसटते. पोती पाऊण भरून शिवायची. ठासून भरलेले पोते गोल राहते आणि फटी उरतात. विटांसारखे सांधे मोडत रचा, दोन्ही टोके काठात घुसवा, पाण्याच्या अंगाला चिकणमाती लिंपा. मधला भाग थोडा खाली ठेवा, म्हणजे जादा पाणी तिथून उतरते आणि खालचा प्रवाह तुटत नाही.

रचताना पोती मोजून आकडा लिहून ठेवा. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होऊन त्याचे धागे सुटतात. मेअखेर माती काढून पोती बाहेर घ्या आणि आकडा जुळवा, जितकी कमी भरतील तितकी नदीत गेली.